सुलटाचा ठराव

मखमलीचे सातही उभे पट्टे दांडीवर चढवून झाले, पूर्वेच्या उंच खिडकीतून सकाळचे ऊन त्यांच्यावर पसरले, आणि शिवणसंघाच्या त्या लांबट दालनात इस्त्रीच्या वाफेखेरीज कशाचाच आवाज उरला नाही. डावीकडचे तीन पट्टे काळ्या द्राक्षांसारखे गडद दिसत होते, प्रकाश पिऊन तृप्त झालेले. उजवीकडचे चार मात्र असे फिकट, की जणू दहा वर्षे कोणी ते उन्हात विसरून गेले होते. तागा एक, रंग एक, विणकरही एकच. तरी मधोमध जणू कोणी रेघ ओढली होती.

"अगं बाई! हा काय चमत्कार?" काजवाली मावशी म्हणाली. आयुष्यभर काजे करून तिची बोटे वाकली होती. नाव पुसून व्यवसायच तिला चिकटला होता.

 मास्तरीणबाईंना कारण तत्क्षणी उमगले होते. तरी त्या पुढे झाल्या आणि एकेका पट्ट्यावरून तळहात वरून खाली फिरवीत गेल्या. पहिल्या तिन्हींनी हात अडवला, अंगावर काटा आल्यासारखी लव उभी राहिली. पुढच्या चारांवरून हात पाण्यावरून सरकावा तसा सरकला.

मखमल ही मोठी मानी वस्तू आहे. तिच्या अंगावरची लव एकाच दिशेला झुकलेली असते. ती वर झुकलेली ठेवून पडदा टांगला तर रंग खोल दिसतो. खाली झुकलेली ठेवली तर धूळ टिकत नाही, पण रंग उतरतो. दोहोंपैकी काहीही ठेवा, मखमल रुसत नाही. रुसते ती एकाच पडद्यात दोन्ही ठेवले म्हणजे.

आणि नेमके तेच झाले होते.

ही चूक दुसऱ्या कुठल्या कारखान्यात होणे शक्य नव्हते. नऊ बायकांचा हा संघ. यंत्रे सर्वांची, टेबले सर्वांची, दाराची किल्लीसुद्धा महिन्यामहिन्याने फिरणारी. कामही पाळीने फिरे. त्यामुळे या खेपेस कापणीच्या दोन टेबलांपैकी एकावर चाळीस वर्षे कात्री धरलेल्या मास्तरीणबाई होत्या, तर दुसऱ्यावर पाळीने काजवाली मावशी. लव कशी ठेवायची हा प्रश्न निघाला तेव्हा संघाच्या रीतीप्रमाणे सभा भरली, आणि ठराव झाला: 'लव सुलट ठेवावी.' नऊच्या नऊ हात वर गेले होते. इतका निर्विवाद ठराव संघाच्या इतिहासात दुसरा झाला नव्हता. त्या आनंदात दोनदोन कप चहाही झाला होता.

सुलट म्हणजे काय, हे मात्र कोणी कोणाला विचारले नव्हते. मास्तरीणबाईंचे वडील शिंपी होते. त्यांच्या तोंडी डोळ्याला भरते ते सुलट. काजवालीच्या लेखी हाताला मानवते ते सुलट. दोघींनी एकाच शब्दाला साक्षी ठेवून परस्परविरुद्ध दिशांना कापड कापले होते. मग पट्टे घड्या होऊन टिपेला गेले, टिपेवरून इस्त्रीला, आणि ते सारे शेजारीशेजारी उभे राहिले ते आज, प्रथमच.

"नाट्यगृहाची गाडी उद्या सकाळी येणार," कोणीतरी आठवण केली. तशी सर्वांना ती होतीच.

मास्तरीणबाईंच्या मनाला आणखी एक घोर लागलेला होता. त्यांचा पाठचा भाऊ, ज्याचा तीस यंत्रांचा कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याने त्यांना मुख्य कापणारीची जागा देऊ केली होती. पूर्वी त्या त्याच्याकडेच होत्या, एकोणीस वर्षे, पण टेबलावरच्या अनेकींपैकी एक म्हणून. आता अधिकार मिळणार होता. उत्तर आज पाचपर्यंत द्यायचे होते, नंतर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. आठ दिवस त्यांनी हो-नाही केले होते. रात्रीची झोप उडाली होती. दिवसा त्या कात्री उचलीत, ठेवीत, खडू शोधीत आणि तो हातातच सापडे. आणि आज हे असे.

"तीन उलटे करायचे," कायदेबाई म्हणाली. संघाची घटना तिला मुखोद्गत होती, म्हणून हे नाव. वयाने सर्वांत लहान, पण आवाजाने नव्हे. "वरची पट्टी उसवायची, खालची दुमड उसवायची, पट्टा उलटा करायचा, पुन्हा शिवायचं. चार करण्यापेक्षा तीन करणं सोपं. सरळ हिशेब आहे."

"पडदा फिका दिसेल," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सगळा सारखा फिका दिसेल."

"उसवल्यावर मखमलीत सुईची भोकं राहतात, ठाऊक आहे ना? एक ओळ दुमडीत जाईल, दुसरी वर झालरीमागे लपेल. म्हणजे उलटे करता येतात. मग चार का नाही करायचे? दोन-तीन तास जास्त लागतील, एवढंच."

"दुपारी सभेत ठरवू," कायदेबाई म्हणाली.

"सभेत!" मास्तरीणबाई उद्गारल्या, आणि त्यांनी हातातली कात्री अशा रीतीने ठेवली की ती आपटली असे कोणी म्हणू शकले नसते, पण ती ठेवली असेही कोणी म्हटले नसते.

त्या दालनात येरझाऱ्या घालू लागल्या. खिडकीपाशी गेल्या, दांडीपाशी आल्या, पुन्हा खिडकीपाशी. माणसाच्या अंतःकरणात एखादी गोष्ट कबूल व्हायची राहिली असली की त्याचे पाय असे चालत राहतात. ती गोष्ट कोणती, हे त्यांना ठाऊक होते. पण तिच्याकडे तोंड करून उभे राहण्याचे धैर्य अजून गोळा झाले नव्हते.

अकराच्या सुमारास भाऊ आला. दारातच थबकून त्याने वर पाहिले.

"अरे वा! दोन नाटकं आहेत का एका वेळी?"

"ये, हसून घे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठी लांबून आला असशील."

"हसायला नाही आलो, ताई. तुला न्यायला आलोय." तो आत आला, पट्ट्यावरून त्याने हात फिरवला, हात शिंप्याचाच होता. "माझ्याकडे हे झालं असतं का? मी सांगितलं असतं लव वर, की लव वर. संपला विषय. नऊ डोकी एका कात्रीला लावली की हेच होणार. तुमचा हा समाजवाद पुस्तकात छान दिसतो. कापड पुस्तक वाचत नाही."

कायदेबाई मान वर न करता म्हणाली, "आणि तुमची भांडवलशाही काय वाचते हो, भाऊ?"

"माणूस वाचते! जो घर गहाण टाकून यंत्रं आणतो, त्याला रात्री झोप नसते. ज्याची झोप जाते त्याचा शब्द शेवटचा. साधा न्याय आहे."

"झोप तुमच्या बायकांचीही जाते. त्यांचा शब्द कितवा?"

"त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, काम बुडालं तरी. तुमच्यात काम बुडालं की नऊजणी बुडतात. मी एकटा बुडतो."

"एकटे तरताही," कायदेबाई म्हणाली. "तुमच्या कोटाच्या गळ्यात चिठ्ठी असते तिच्यावर नाव कुणाचं? कापणारीचं?"

"दुकानाचं असतं. गिऱ्हाईक दुकानावर विश्वास टाकतं. आणि तुमच्याकडे तरी कुणाचं नाव असतं, सांगा. चुकलं तर 'संघाची चूक', जमलं तर 'संघाचं काम'. माझी बहीण चाळीस वर्षं कापतेय आणि टिपेची पाळी आली की तिला टिपेला बसवता. हा काय न्याय झाला? सोन्यासारखा हात, आणि तो सगळ्यांना सारखा वाटून टाकायचा?"

हा घाव कायदेबाईच्या वर्मी बसला.  मास्तरीणबाईंनाही तो बसला, कारण आठ दिवस त्या मनाशी हेच म्हणत होत्या. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकताना त्यांना प्रत्येकाचे खरे वाटत होते, आणि त्यामुळेच जीव अधिक कासावीस होत होता. जगात मोठमोठ्या पंडितांनी ज्या प्रश्नावर ग्रंथ रचले, तो प्रश्न त्यांच्यापुढे सात पट्टे होऊन लोंबत होता आणि उद्या सकाळी गाडी येणार होती.

"ताई, तुझा शब्द शेवटचा राहील," भाऊ हलकेच म्हणाला. "कापणीच्या टेबलावर मीसुद्धा बोलणार नाही. वचन देतो."

त्या एकदम थांबल्या.

"त्या गणवेशांचं आठवतं का रे तुला? दोनशे कोट. डाव्या बाह्या सगळ्या दोन बोटं आखूड झालेल्या."

भावाचा चेहरा पडला. "ते कशाला आता? नमुना चुकीचा होता. मी त्या कापणाऱ्याला काढलासुद्धा."

"नमुना तू आखला होतास. मी शेजारच्या टेबलावर होते. पहिला कोट कापतानाच मला दिसलं होतं."

दालनातली दोन यंत्रे चालत होती, तीही थांबली.

"तुला दिसलं होतं?" भाऊ म्हणाला. "आणि तू बोलली नाहीस? सख्खी बहीण तू माझी!"

"तिथे बहीण नव्हते. टेबलावरची तिसरी होते. मालकानं आखलेल्या रेघेला तिसरीनं चूक म्हणायचं? तू विचारलंस का कधी, की बघा गं, बरोबर आहे ना?"

"मी तुला बोलू नकोस असं कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंस. म्हणायची गरजच पडली नाही."

भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता; आजारपणात त्याने कामगारांना घरी बसवून पगार दिला होता, हे सगळ्या गावाला माहीत होते. पण त्या एका काढलेल्या माणसाचा चेहरा या क्षणी त्याला दिसत असावा.

मास्तरीणबाईंना मात्र दुसरेच काही दिसत होते. त्यांनी भावाला जे सुनावले, ते त्यांच्याच अंगावर उलटून आले होते, आणि आता त्या गोष्टीकडे पाठ फिरवून चालणार नव्हते.

सभा बारा वाजता भरली. सभा म्हणजे काय, सातजणींनी स्टुले ओढून अर्धगोल केला आणि कायदेबाई चुकांची वही घेऊन मधे बसली. या वहीत झालेली चूक, तिचे कारण आणि उपाय एवढेच लिहीत. कोणाचे नाव लिहायचे नाही, असा पहिल्या दिवसापासूनचा नियम. भाऊ अजून दारातच होता. त्याला जा म्हणणे कोणाच्या ध्यानात आले नाही.

"कारण काय लिहू?" कायदेबाईने विचारले. "'शब्दाचा अर्थ स्पष्ट नव्हता' असं लिहिते."

"थांब," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या बसल्या नव्हत्या. "त्या दिवशी ठराव मांडलास तेव्हा मी मावशीकडे बघत होते. मावशीनं मखमलीच्या तुकड्यावरून हात वरून खाली फिरवला आणि मान हलवली. सुलट, सुलट म्हणाली. मला तेव्हाच शंका आली, की हिचं सुलट निराळं आहे."



"मग?" काजवाली मावशीने विचारले.

"मग काही नाही. सगळ्यांचे हात वर गेले होते. मी म्हटलं, आता मीच एकटी उठून बोलले तर म्हणतील, आली मास्तरीण शहाणपण शिकवायला. मी हात वर केला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!" काजवालीचा आवाज चिरकला. "चार पट्टे मी कापले हो! माझी बोटं बघा! दोन दिवस खडूनं रेघा मारत बसले, आणि तुम्ही शेजारच्या टेबलावर मख्खासारख्या..."

"मावशी, हळू," कायदेबाई म्हणाली.

"का हळू? मालकिणीनं असं केलं असतं तर सगळ्यांनी मिळून बाहेर पडलो असतो!"

"बरोबर आहे तुझं," मास्तरीणबाई म्हणाल्या.  "भावाकडे मालकाच्या भीतीनं गप्प बसले. इथे तुमच्या. भीतीत काय फरक आहे ते मला कळत नाही. पण मला बोलता आलं असतं. माझं नाव लिही वहीत."

"नाव लिहीत नाहीत," कायदेबाई अडखळत म्हणाली.

"आज लिही. आणि आता मी बोलते आहे तर ऐका. चार पट्टे उलटे करा, तीन नव्हे. रंगमंचावर दिवे लागतील तेव्हा हा पडदा रात्रीसारखा खोल दिसला पाहिजे. मला कापड कळतं. एवढं एकदा माझं ऐका."

वाद झाला, आणि तो चांगलाच झाला. काजवालीने डोळे पुसून बाजू मांडली, आणि बाजू तकलादू नव्हती: ज्या बाईला हा पडदा रोज झाडावा लागेल तिच्या छातीत धूळ जाणार, खाली झुकलेल्या लवेवर धूळ थांबत नाही. रंग प्रेक्षक तासभर बघतील, धूळ ती बाई आयुष्यभर खाईल. कोणी म्हणाली, चार उलटे करायला रात्र होईल आणि दमल्या हाताने टीप वाकडी जाईल. कोणी म्हणाली, ज्याला कळते त्याचे ऐकावे यात गैर काय? त्यावर तिसरी म्हणाली, आज टेबलावर ऐका, उद्या किल्लीवर ऐका, परवा ताईंच्या नावाची पाटी. मास्तरीणबाईंचे कान लाल झाले, पण त्या मध्ये पडल्या नाहीत. झाडणाऱ्या बाईचा विचार त्यांच्या मनात चाळीस वर्षांत आला नव्हता, ही गोष्ट त्यांना टोचत होती. आणि तरीही पडदा खोल दिसायला हवा होता. दोन्ही टोचण्या एकमेकींना खोडत नव्हत्या.

हात वर झाले. चार पट्ट्यांच्या बाजूने चार. तीन पट्ट्यांच्या बाजूने पाच. पाचवा कायदेबाईचा, आणि तो वर करताना तिने मास्तरीणबाईंकडे पाहायचे टाळले.

दारातून भाऊ म्हणाला, "चल आता, ताई. तुझ्याच हातची कापणी तुलाच उसवायला लावतायत. अजून काय व्हायचं राहिलं?"

त्या क्षणी त्यांचे पाय दाराकडे वळले होते. खोटे कशाला सांगावे? अंगातला ॲप्रन सोडण्यासाठी त्यांनी पाठीमागे हातही नेला. तिथे मुख्य कापणारीचे टेबल होते, उत्तरेचा स्थिर उजेड होता, आणि कोणाचा हात वर येणार नव्हता. पण गाठ सोडता सोडता त्यांना उमगले, की तिथे आपण एकोणीस वर्षांत एकदाही हरलो नाही, कारण एकदाही आपले मत मोजले गेले नाही. आणि आता मुख्य म्हणून गेल्यावर टेबलावर ज्या तिसऱ्या, चौथ्या बायका असतील, त्यांना आपली चूक दिसली तर त्या सांगतील का? आपण सांगितले होते?

"ती जागा दे दुसऱ्या कुणाला तरी," त्या म्हणाल्या. "आणि ज्याला काढलंस त्याला शोधून आण. कापायला चांगला होता."

"इथे राहून काय मिळालं तुला? सांग तरी!"

"तीन पट्टे उसवायला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

कोणीतरी फिसकन हसले. भाऊ हसला नाही. तो "तुझी मर्जी, ताई" म्हणून निघून गेला. त्याच्या चालण्यात राग कमी आणि घाई जास्त होती.

गडद पट्टे खाली उतरले. टोकदार कात्रीने एकेक टाका उचलून कापायचा, लवेला इजा न करता. हे काम अधीर मनाने होत नाही, आणि मास्तरीणबाईंचे मन तर अजून उकळत होते. पहिल्या वीतभर टाक्यांत दोनदा कात्री घसरली. काजवाली मावशी दुसऱ्या टोकाला येऊन बसली. बराच वेळ दोघी आपापल्या टोकाकडून उसवीत राहिल्या.

"मी अजून रागावलेय," काजवाली शेवटी म्हणाली.

"मीपण."

"तुम्ही कशाला?"

"पडदा फिका दिसणार आहे म्हणून. तो टाका असा ओढू नकोस, बाई. मखमल आहे, पोतं नव्हे."

"हे बघा, सुरू झालं!" काजवाली म्हणाली, पण तिने टाका ओढायचे सोडून कापला.

तेवढ्यात कायदेबाई वही घेऊन आली. तिने मास्तरीणबाईंचे नाव लिहिले होते, सुबक अक्षरात, आणि ते दाखवताना तिचाच चेहरा शिक्षा झाल्यासारखा दिसत होता.

मास्तरीणबाईंनी चष्मा नाकावर सरकवून वाचले. चूक. कारण. उपाय: तीन पट्टे उलटे करणे.

"या उपायाच्या विरुद्ध मी मत दिलं होतं. तेही लिही."

"ते लिहायला रकाना नाही, ताई."

"मग आख."

कायदेबाई इकडेतिकडे पट्टी शोधू लागली. पट्टी कोणीतरी इस्त्रीच्या टेबलाखाली सरकवली होती. शेवटी ती तिथेच गुडघ्यांवर बसली आणि वहीच्या कडेला, शिसपेन्सिलीने, हातानेच एक रेघ ओढू लागली. रेघ वाकडी जात होती. मास्तरीणबाईंना ते दिसले आणि त्या तत्काळ म्हणाल्या, "वाकडी जातेय."